रमेशने जोडलेली तार

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात, एका सिग्नल कंपनीत होती. मी नायब सुभेदार होतो. लाइन डिटॅचमेंट माझ्याकडे होती. पुढच्या पोस्टपर्यंतची टेलिफोन लाइन चालू ठेवणं हे आमचं काम. पावसाळ्यात ती वरचेवर तुटायची. आम्ही जायचो, जोडायचो, परत यायचो.

माझ्या हाताखाली नाईक रमेश धोडी होता, तलासरीचा. मी डहाणूजवळच्या सरावलीचा. युनिटमध्ये हिंदी बोलायचो, दोघंच असलो की मराठी. त्याचे वडील लग्नकार्याला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. त्यांच्याकडे जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता. फौजेत येण्याआधी रमेशने तो स्वतः उघडून पुन्हा जोडला होता.

"आवाज मस्त आहे, साहेब," तो म्हणायचा. "फक्त मागे घूं घूं राहते. सुट्टीत गेलो की काढतो."

सुट्टी मंजूर झाली होती.

त्या आठवड्यात पाऊस थांबला नव्हता. पुढच्या पोस्टचा रेडिओ बिघडला होता, तिथे एक जवान तापाने फणफणलेला, आणि दुपारी लाइनही गेली. रमेश दोन जवान घेऊन निघाला. मी रेडिओ सेटवर बसलो.

"लाइन पार्टी, रिपोर्ट. ओव्हर."

"लाइन तुटलेली जागा मिळाली. दरडीखाली आहे. दोघांना वळणाअलीकडे ठेवलंय. जोडतो. ओव्हर."

"माती कशी आहे? ओव्हर."

"सुटतेय. थोडंच काम आहे. ओव्हर."

"धोका वाटला तर मागे ये. ओव्हर."

"रॉजर. आउट."

थोड्या वेळाने शेजारचा टेलिफोन वाजला. पुढची पोस्ट होती, तिथून ती दरड समोर दिसायची. म्हणजे लाइन जोडली गेली होती. मी काही बोलायच्या आत पलीकडचा जवान ओरडला, "साब, स्लाइड! लाइन पार्टी के ऊपर!" एवढं ऐकू आलं आणि लाइन पुन्हा बंद झाली.

मी सेटवर हाका मारत राहिलो. मागे ठेवलेल्या दोघांनी उत्तर दिलं. रमेश दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला घेऊन तलासरीला मीच आलो.

आता मी पेन्शनवर सरावलीला असतो. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला तलासरीला जातो. त्याचे वडील लक्ष्मणकाका अंगणात तोच अ‍ॅम्प्लिफायर मांडतात, गाव जमतं, काका माइकवर मुलाचं नाव घेतात. गेल्या वर्षी घूं इतकी वाढली की नाव मागच्यांना ऐकूच आलं नाही. लोक म्हणाले, नवा सेट घ्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

या वर्षी मी आदल्या दिवशीच सोल्डरिंग आयर्न आणि मीटर घेऊन गेलो. व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी घूं तेवढीच. म्हणजे दोष माइकमध्ये नाही, पॉवर सप्लायमध्ये. प्लग काढला. आतले मोठे फिल्टर कंडेन्सर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून ठेवतात. ते रेझिस्टर लावून रिकामे केले, मीटरने तपासले. फुगलेले होते. तेवढ्याच क्षमतेचे आणि व्होल्टेजचे नवे घातले. घूं बरीच कमी झाली, गेली नाही.

प्लग पुन्हा काढून आत पाहिलं, तेव्हा एक जादा तार दिसली. रमेशने अर्थिंग दोन ठिकाणी दिलं होतं. त्यामुळे तारांचा एक फेरा तयार झाला होता, आणि उरलेली घूं त्यातून येत होती. सगळं अर्थिंग एकाच जागी आणायला हवं होतं.

"काका, ही तार काढावी लागेल."

"ती त्याने लावलीय."

"हो."

"चुकीची लावली?"

"शिकत होता तेव्हा," मी म्हणालो.

काका उठून ओट्यावर जाऊन बसले. मी आयर्न बाजूला ठेवलं. बऱ्याच वेळाने ते आत आले.

"तुम्ही नका कापू. मी कापतो."

मी कंडेन्सर पुन्हा रिकामे करून तपासले आणि कटर त्यांच्या हातात दिला. मी अ‍ॅम्प्लिफायरचं चॅसिस घट्ट धरलं. त्यांनी तार दोन्ही टोकांना कापली आणि तुकडा सदऱ्याच्या खिशात ठेवला.

सेट लावला. व्हॉल्व्ह तापले, पण स्पीकर गप्प. काकांनी त्याला कान लावला.

"चालू आहे?"

"चालू आहे."

"कळतच नाही," ते म्हणाले आणि तिथेच खाली बसले. त्यांना बरं वाटेल, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं. काकांनी माइक हातात घेतला.

"नाईक रमेश लक्ष्मण धोडी."

आवाज रस्त्यापर्यंत स्वच्छ गेला. मी सावधानमध्ये उभा राहिलो. अंगणात दुसरा कसलाच आवाज नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा नाव घेतलं. या वेळी अगदी हळू, झोपलेल्याला उठवताना घेतात तसं. तेही सगळ्यांना ऐकू आलं.