माघारीचा अर्ज

आमचे राज्यशास्त्राचे सर कोणत्याही कागदावर पहिल्या फटक्यात सही करत नसत. रजेचा अर्ज असो की सहलीचं संमतिपत्र, ते तो मोठ्यानं वाचत, नीट घडी घालत आणि परत आमच्याच हातात ठेवत. "फेरविचारासाठी परत," एवढंच म्हणत. दुसऱ्या दिवशी तोच कागद नेला की एक शब्द न बोलता सही. संसदेनं पाठवलेलं विधेयक राष्ट्रपती एकदाच परत पाठवू शकतात आणि पुन्हा आलं की सही करावीच लागते, हे त्यांनी आम्हा अकरावीच्या पोरांना असं हाडामासात शिकवलं. सगळी शाळा त्यांना राष्ट्रपतीच म्हणायची. त्यात ते बंद गळ्याचा कोट घालायचे, मग काय विचारता.

फळ्यावर लिहिताना त्यांची भाषा पुस्तकी असे, समजावून सांगताना मात्र अस्सल हुपरीची. "राष्ट्रपतींकडं सगळं हाय. सैन्य हाय, बंगला हाय, घोडेस्वार हायत. फकस्त 'मला असं वाटतं' म्हणायची सोय न्हाय," असं म्हणून ते स्वतःच खुदकन हसायचे. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं, हे कळायला मला वेळ लागला.

शाळा साखर कारखान्याची होती. आम्ही राहायचो ती वसाहत कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, हवेतला मळीचा वाससुद्धा कारखान्याचाच. पाळीचा भोंगा झाला की तास चालू असतानाही सगळ्यांच्या माना दाराकडे वळायच्या. माझे बाबा बॉयलरवर होते. सर हुपरीहून दोन एसट्या बदलून यायचे आणि त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर जूनमध्ये चेअरमनसाहेबांनी सही केली तरच ते पुढच्या वर्षी वर्गावर दिसणार, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.

वर्गप्रतिनिधी निवडायची वेळ आली तेव्हा सरांनी खरीखुरी निवडणूक लावली. अर्ज, छाननी, माघारीची मुदत, बुटांच्या खोक्याची मतपेटी, सगळं साग्रसंगीत. चेअरमनसाहेबांच्या पुतण्यानं अर्ज भरला. मीही भरला. वर्गात सगळ्यांशी माझं चांगलं होतं, मी निवडून आले असते, हे आजही ठासून सांगते.

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या ऑफिसातले एक साहेब आमच्या क्वार्टरवर आले. चहा पिऊन झाल्यावर बाबांना म्हणाले, "आण्णा, पोरीचा अर्ज काढून घ्या की. साहेबांच्या घरात आजवर कुणाला इलेक्शन लागलेलं न्हाय. सगळं बिनविरोध." ते गेल्यावर बाबा बराच वेळ बूट पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ बाई. वर्गाचं तर हाय. कुठं आमदारकी हाय?"

मी माघारीचा अर्ज लिहून नेला. सरांनी तो भर वर्गात मोठ्यानं वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "फेरविचारासाठी परत. मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत." त्या क्षणी मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की घरापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. बाबांनी कागद बघितला. "सही का न्हाय?" त्यांनी विचारलं, आणि कागद उलटून मागची बाजूही बघितली. बॉयलरसमोर उभा राहणारा माझा बाप कागदाला घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी मी तोच अर्ज पुन्हा सरांसमोर ठेवला. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि फळ्यावर सुरेख अक्षरात 'बिनविरोध' असं लिहिलं. चेअरमनसाहेबांकडून पेढे आले. पुतण्या बिचारा वाईट नव्हता, मला म्हणाला, "तू उभी राहायला पायजे हुतीस." सरांनाही एक पेढा मिळाला. त्यांनी तो खाल्ला.

त्यानंतर दीड वर्ष मी पहिला बाक सोडून तिसऱ्यावर बसले. माणसानं माझ्यासाठी आपली नोकरी पणाला लावली आणि मी दुसऱ्या दिवशी तोच अर्ज घेऊन परत गेले, ही टोचणी मला कॉलेजात, लग्नात, नोकरीत कुठेच सोडत नव्हती. शेवटी गेल्या दिवाळीत हुपरीला जाऊन सरांचं घर शोधलं. सर थकले होते. आतल्या खोलीत त्यांची सून पैंजणांना घुंगरू जोडत होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी मी अर्ज घेऊन परत यायला नको होतं. माझं चुकलं."

सर कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "अगं, त्या दिवशी घरला जाताना एसटीत मी देवाला म्हणत हुतो, पोरगी उद्या अर्ज घेऊन येऊ दे. जूनमधी माझा कागद तिकडंच जायचा हुता. तू दारात दिसलीस आणि मला हायसं वाटलं बघ. हे तुला सांगायचं राहून गेलतं."

मला राग यायला हवा होता. मी वाटही पाहिली, पण तो आला नाही. इतकी वर्षं त्या वर्गात घाबरलेली मी एकटीच होते, असं मी धरून चालले होते. मी खाली वाकून सरांच्या पाया पडले, आणि वर उठताना आम्हा दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.