सिल्वीच्या शेपट्या

हौताला बंधूंच्या शिकारीच्या कॅम्पवर चुलीमागची भिंत शर्टांच्या शेपट्यांनी भरलेली आहे. ज्याचा नेम चुकला आणि हरीण निसटलं, त्याच्या शर्टाचा मागचा लोंबता भाग जेवणाआधी सगळ्यांदेखत कात्रीनं कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीला ठोकायचा, ही तिथली रीत. शिवाय दुसऱ्या दिवसापासूनची चूलही, पुढचा कोणी चुकेपर्यंत, त्याच्याच गळ्यात. आमच्या उत्तर मिशिगनच्या जंगलात असे कॅम्प पुष्कळ आहेत आणि बहुतेकांत ही रीत आहे. पण एकाच नावाच्या इतक्या शेपट्या दुसरीकडे कुठे नसतील.

ते नाव सिल्वीचं. चौकडीच्या शर्टाच्या शेपट्या, फुलाफुलांच्या, एक तर चर्चला घालायच्या निळ्या शर्टाची. पाहुणा आला की रूडी हौताला त्याला आधी ती भिंत दाखवायचा.

"ही माझ्या बायकोची कर्तबगारी. हरणांची फार लाडकी आहे हो ती. तिला बघून पळतसुद्धा नाहीत."

पाहुणा हसायचा, रूडीचा धाकटा भाऊ ऑनी शंभरदा ऐकलेला विनोद असूनही हसायचा, आणि सिल्वीही हसून कॉफी ओतायची. बाईमाणसानं अशा वेळी हसावं, नाहीतर तिला थट्टा कळत नाही असं म्हणतात. थट्टा करणाऱ्याला काय कळतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

सिल्वी ही एमिल रिंटालाची मुलगी. एमिल तांब्याच्या खाणीत उतरायचा आणि शब्द जपून वापरायचा. त्याच्याकडे एक जुनी हलकी रायफल होती. तिचं काडतूस बारीक, टू-फिफ्टीचं, आणि धक्का असा की खांद्यावर कोणी ओळखीच्यानं हात ठेवावा. पोरगी चौदा वर्षांची झाली तेव्हा त्यानं ती रायफल तिच्या हातात दिली.

"हरणाला काय कळतंय कुठल्या गोळीनं मेलो ते?" तो म्हणाला. "जागेवर लागली की झालं, पोरी. आणि जागेवर लागायला डोळे उघडे लागतात."

त्या वर्षी तिनं पहिला शिंगांचा नर पाडला. पुढच्या वर्षी दुसरा. लग्नापर्यंत एमिलच्या घरातलं हिवाळ्याचं मांस बहुतेक तिच्याच हातचं असायचं. मग खाणीच्या धुळीनं एमिलची छाती खाल्ली, तो गेला, आणि रायफल मिनेसोटातल्या मुलाकडे गेली. मुलाला शिकारीचा नाद नव्हता, पण मुलगा तो मुलगा. ती वापरत कोण होतं हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

रूडीनं लग्नात तिला नवी बंदूक दिली. जाड काडतुसाची थर्टी-ऑट-सिक्स, दस्त्याला लोखंडी पट्टी, त्याच्या स्वतःच्या बंदुकीची जुळी बहीण. सिल्वी कशीबशी म्हणाली, "मला बाबांच्यासारखं हलकं काडतूस चाललं असतं."

"तुझ्या बाबांची ती उंदीर मारायची बंदूक," रूडी म्हणाला. "बारीक गोळीनं हरीण नुसतं जखमी होतं. जंगलात तडफडत मरतं बिचारं. ते पाप घेणार आहेस डोक्यावर?"

पापाचं नाव काढल्यावर सिल्वी गप्प बसली. तिच्या जातीची माणसं पापाला फार भितात.

पहिल्याच गोळीला तिचा खांदा काळानिळा झाला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. कपडे बदलताना तिथल्या बायकांनी तो डाग पाहिला आणि एकीनं दार लावून हळूच विचारलं, "रूडीनं मारलं का गं?"

"नाही गं बाई, बंदुकीनं," सिल्वी म्हणाली आणि खदखदून हसली. त्या बाईचा विश्वास बसला नाही. आता वाटतं, बाई फारशी चुकली नव्हती.

त्या नोव्हेंबरात तिची पहिली शेपटी भिंतीवर चढली. समोर उभा नर, अंतर अंगणाएवढं, आणि गोळी गेली कुठल्या कुठे. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. शाळेला शिकारीची सुट्टी असायची. चारशे पोरांना रांधणारी बाई त्या आठ दिवसांची वाट बघत वर्ष काढायची, आणि त्या सुट्टीतही पहिल्या दिवशी नेम चुकून दुसऱ्या दिवशीपासून सहा पुरुषांचे बटाटे सोलत बसायची. तिच्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या आणि वेलदोड्याचा पाव सगळ्यांना फार आवडायचा. "नेम नसला तरी हाताला चव आहे," ऑनी म्हणायचा. तिला वाटायचं, नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात तसं आपलं व्हायला नको. म्हणून तिनं बंदुकीला कधी नाव ठेवलं नाही. दोष स्वतःकडेच घेतला. बाबा गेले आणि जाताना माझा हात घेऊन गेले, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मग एका वर्षी नेम अगदीच चुकला नाही, अर्धवट लागला. पोटात. रक्ताचे थेंब धरून ती अंधार पडेपर्यंत देवदारांच्या दलदलीत फिरली आणि हरीण सापडलं नाही. रात्री बर्फ पडला, माग पुसला. त्या रात्री तिची शेपटी कापायला कोणी कात्री काढली नाही. तिनं स्वतःच कापली, ठोकली, आणि बंदूक कपाटात ठेवली ती कायमची. पुढं ती कॅम्पवर यायची ती फक्त चुलीसाठी. जिला नेमच नाही, तिची चूल रोजचीच.

असा संसार चालला. मुलं झाली, वाढली, दूर गेली. मागच्या हिवाळ्यात रूडी सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरचा बर्फ ओढायला चढला आणि बर्फाबरोबर खाली आला. उजवा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरनं सांगितलं की शिकार करायची तर करा, पण धक्का देणारी बंदूक आता बंद.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं. रूडीला मात्र ते ज्ञान घेऊन आलं. सगळा उन्हाळा तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदुकीची मासिकं पसरून बसला. टू-फोर्टी-थ्री काडतुसाचा धक्का सगळ्यात कमी, पण गोळी जरा हलकी. सिक्स-पॉइंट-फाइव्ह लांबवर सरळ जाते, पण आपल्या दाट जंगलात लांबवर दिसतंय कोणाला? शेवटी त्याचं मन सेव्हन-एमएम-ओ-एटवर बसलं. काडतूस आखूड, धक्का थर्टीच्या मानानं बराच कमी, आणि त्यातही कमी दारूची वेगळी काडतुसं मिळतात. दस्त्याला जाड रबर लावलं की झालं. घरी येईल त्याला तो हे समजावून सांगायचा.

"लोकांना उगाच मोठ्या काडतुसाची मिजास," तो शेजाऱ्याला म्हणाला. "अरे, हरणाला काय कळतंय कुठल्या गोळीनं मेलो ते? जागेवर लागली की झालं."

सिल्वी बशा पुसत होती. तिचा हात थांबला.

"हे बाबा म्हणायचे," ती म्हणाली.

"कोण बाबा?"

"माझे. आणि तू म्हणायचास उंदीर मारायची बंदूक."

"अगं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती," रूडी म्हणाला. "आता गोळ्या सुधारल्यात." आणि तो पुन्हा शेजाऱ्याकडे वळला.

गोळ्या सुधारल्या असतीलही. पण एमिलच्या पोरीनं पाडलेले नर न सुधारलेल्या गोळ्यांनीच मेले होते, आणि चांगले मेले होते. सिल्वीनं बशी जागेवर ठेवली आणि दुसरी घेतली.

ऑक्टोबरात एका रविवारी रूडी, ऑनी आणि सिल्वी अशी तिघं जुन्या खडीच्या खाणीत नेम जुळवायला गेली. हौतालांची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या तिथंच तपासली जाते. सिल्वी थर्मास आणि पाव घेऊन गाडीच्या मागच्या फळीवर बसली. रूडीनं नव्या रायफलीनं गोळ्या झाडल्या. कागदावर त्या इकडे एक, तिकडे एक अशा लागल्या.

"बंदुकीवरची दुर्बीण हललीये," रूडी म्हणाला.

"आण इकडे, मी भरून देतो," ऑनी म्हणाला. त्यानं पाठ फिरवून बंदूक भरली आणि दिली. जाता जाता सिल्वीला डोळा मारला.

रूडीनं नेम धरला, चाप ओढला. नुसतं 'कट्' झालं. आत झाडलेलं रिकामं काडतूस होतं. पण त्या न सुटलेल्या गोळीला भिऊन रूडीनं डोळे गच्च मिटले, खांदा पुढं मारला आणि नळीचं तोंड हातभर खाली गेलं.

ऑनी पोट धरून हसला. "मेलास लेका! गोळी नाही, धक्का नाही, आणि तू मात्र घाबरलास! अगदी सिल्वी! आठवतं? तीसुद्धा हुबेहूब अशीच..."

मग त्याला कोण बसलंय ते आठवलं आणि तो थांबला.

"हुबेहूब कशी?" सिल्वीनं विचारलं.

"काही नाही गं. जुनी थट्टा."

"कशी, ऑनी?"

ऑनीनं भावाकडे पाहिलं. भाऊ दुर्बिणीचा स्क्रू पिळत होता. "अगं, तुमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. इथंच. तुलाही असंच रिकामं भरून दिलं होतं. तू डोळे मिटून झटका मारलास. नेम तुझा चांगला होता, थर्टीच्या धक्क्याची धास्ती बसली होती. मी म्हटलं होतं याला, की हिला हलकं काहीतरी आणून दे..."

सिल्वीला तो दिवस आठवला. चांगला आठवला. चाप ओढल्यावर 'कट्' झालं होतं आणि रूडी म्हणाला होता, "काडतूस खराब निघालं." तिचा विश्वास बसला होता. डोळे मिटलेलेच होते, नळी कुठे गेली हे तिला दिसणार कसं?

ती फळीवरून उतरली. रूडीच्या हातातून तिनं रायफल घेतली, स्वतः उघडून पाहिली, स्वतः भरली. दस्ता खांद्याला लावताना जुन्या सवयीनं अंग आखडलं. ती थांबली, श्वास सोडला, आणि डोळे उघडे ठेवून चाप ओढला. खांद्यावर ओळखीच्यानं हात ठेवावा, एवढंच. तिला एकदम बाप आठवला आणि डोळे भरले, ते तिनं पुसले. मग आणखी दोन गोळ्या.

ऑनी कागद बघायला गेला. तिन्ही भोकं थर्मासच्या झाकणाखाली मावत होती. तो कागद काढून घेऊन आला.

"असल्या बंदुकीनं काय, कोणीही मारेल," रूडी म्हणाला.

"मग मला का नाही दिलीस?"

रूडी खाली वाकून रिकामी काडतुसं गोळा करायला लागला. डावा हात धड असूनही त्याला बराच वेळ लागला. वर आला तेव्हा चेहऱ्यावर पाहुण्यांना दाखवायचं हसू होतं.

"अगं, मग कॅम्पवर रांधलं कोणी असतं?"

ऑनी सवयीनं हसला आणि मध्येच गप्प झाला. सिल्वी या वेळी हसली नाही. तिनं थर्मासचं झाकण लावलं.

पंधरा नोव्हेंबरला नेहमीप्रमाणे हंगाम उघडला, आणि सिल्वी नेहमीप्रमाणे कॅम्पवर गेली. का गेली, असं लोक विचारतात. इतक्या वर्षांचं जाणं एका रविवारी सुटत नाही. दुपारी रूडीच्या पुढ्यात मोठा नर आला. त्यानं त्याच्या शहाण्या, हलक्या, रबर लावलेल्या रायफलीनं गोळी झाडली आणि नर शेपूट उभारून निघून गेला.

जेवणाआधी सिल्वीनं खिळ्यावरची कात्री काढली आणि टेबलावर ठेवली.

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

"शस्त्रक्रिया झालीये त्याची," एक चुलतभाऊ म्हणाला. "हे धरायचं नसतं."

"खांदा बरा नाही ना अजून," ऑनी पुटपुटला आणि मान खाली घातली.

"डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे," रूडी म्हणाला. सगळे मोकळे होऊन हसले. कात्री तशीच पडून राहिली.

"माझा खांदा काळानिळा होता," सिल्वी म्हणाली. "तेव्हा धरलं होतं."

ती भिंतीपाशी गेली आणि एकेक खिळा उपटून आपल्या शेपट्या काढायला लागली. चौकडीच्या, फुलाफुलांच्या, निळी. फक्त पोटात गोळी लागलेल्या हरणाच्या वर्षाची तिनं राहू दिली. ती तिची होती. बाकीच्या तिनं चुलीत घातल्या, कोट चढवला आणि गाडीची किल्ली घेतली.

"अगं, निघालीस कुठे? उद्याच्या जेवणाचं काय?" रूडीनं विचारलं. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

"ज्याचा नेम चुकला त्यानं रांधायचं," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा घर गार होतं. तिनं दिवा लावला, शेगडी पेटवली आणि काहीतरी खायला करावं म्हणून बटाटे सोलायला बसली. ती खाणीतल्या आपल्या त्या जुन्या 'कट्'चा विचार करत होती. तेव्हा ती पंचवीसची होती, आता चौसष्टची आहे, आणि मधल्या सगळ्या नोव्हेंबरांत तिचा नेम चांगला होता.

भांडं भरलं तेव्हा तिनं खाली पाहिलं. सहा जणांचे बटाटे सोलून झाले होते.