टक् आणि पिवळी रेघ

मामाला मामा म्हणणारा खरा भाचा एकच, पण त्या टीममध्ये लहानथोर सगळेच त्याला मामा म्हणायचे. त्याचं नाव पगाराच्या कागदावर होतं तेवढंच. एकतीस वर्षं तो शर्यतीच्या गाड्यांची चाकं आवळत आला होता. इंजिनवाले वेगळे, कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसणारी शहाणी मंडळी वेगळी; त्यांच्या मानानं चाकवाला म्हणजे काय, नट काढा, नट लावा. असं कुणी म्हणालं की मामाचा पारा चढलाच म्हणून समजा.

"इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते रे बाबा," तो म्हणायचा. "चाक निघालं तर कुठे थांबते?"

तो उगीच बोलत नव्हता. तरुणपणी दुसऱ्या एका टीममध्ये असताना त्यानं भर वेगात निघालेलं चाक डोळ्यांनी पाहिलं होतं. ते कुंपणावरून उडालं आणि झेंडा दाखवणाऱ्या माणसाच्या पायावर जाऊन पडलं. तो माणूस पुढे कुबड्या घेऊन दोनदा सर्किटवर आला, सगळ्यांशी हसून बोलला, चहा प्यायला. तो नट कुणी आवळला होता हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला.

तेव्हापासून मामाचा नियम होता. नट हवा तेवढा आवळला गेला की टॉर्कचा पाना 'टक्' असा आवाज करतो. ज्यानं ते टक् ऐकलं, त्यानंच नटावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची. टक् व्हायच्या आधी नाही आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, आणि ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. या नियमापायी मामानं चांगले दोन गडी टीममधून घालवले होते. त्यांना त्याचं काही वाटलं असेल-नसेल, मामाला मात्र कधी वाईट वाटलं नव्हतं.

आणि आता मामालाच टक् ऐकू येत नव्हतं.

दोन वर्षं झाली होती. त्याच्या उमेदीत कानात बोळे घालणं म्हणजे नवखेपणा समजायचे; इंजिनांनी कानांची पार वाट लावली होती. बायको म्हणायची, "अहो, शेजारच्यांना आता टीव्ही घ्यायला नको. आपलाच पुरतो त्यांना." मामा हसून वेळ मारून न्यायचा. कुणी काही बोललं आणि कळलं नाही की "हो हो" म्हणायचं, ही युक्ती त्याला चांगली साधली होती. टक् ऐकू आलं नाही तरी तळहाताला त्याचा झटका कळायचा, त्यावर भागत होतं. पण या वर्षी उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली, आणि कधी झटका कळायचा, कधी कळायचा नाही.

सांगायचं कुणाला? गाडी चालवत होता त्याचा सख्खा भाचा. बहिणीचं एकुलतं एक पोर. त्याला शर्यतीत पाठवताना बहीण मामाला एवढंच म्हणाली होती, "तू आहेस म्हणून पाठवतेय. चाकं तूच आवळायची, दादा." मामानं छातीवर हात ठेवून होकार दिला होता. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

त्या शनिवारी भाच्यानं सगळ्यांत कमी वेळात फेरी मारली. चार वर्षांत पहिल्यांदा त्याची गाडी रविवारच्या शर्यतीत सर्वांत पुढे उभी राहणार होती. टीमचे मॅनेजर साहेब एरवी कुणाशी धड बोलत नसत, त्यांनीसुद्धा मामाच्या पाठीवर थाप मारली. रविवारी दोन शर्यती होत्या, एक सकाळी आणि एक दुपारी.

सकाळी गॅरेजमध्ये मामानं पुढची चाकं घेतली. मागची चाकं ताईकडे असायची. ताई म्हणजे दोन पोरांची आई, हाताला पक्की, जिभेला तिखट. मामानंच तिला तयार केलं होतं. उजवं चाक झालं. डाव्या चाकावर त्यानं पाना ओढला, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या गॅरेजमध्ये इंजिन गुरगुरलं. हाताला झटका कळलाच नाही. कळला होता का? मामा क्षणभर थांबला. तेवढ्यात कुणीतरी "चला, चला" म्हणून ओरडलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या हातानं रेघ मारून टाकली.

झालं असेल, घट्टच असेल, असं तो गाडीमागून चालताना स्वतःला समजावत होता.

सुरुवातीच्या रेषेवर गाडी उभी राहिली. मामा डाव्या चाकाशी उकिडवा बसला. रेघ सरळ होती, सुरेख होती, आणि खोटी होती. वर भाचा हेल्मेट घालून बसला होता. त्यानं मामाकडे बघून अंगठा वर केला. तेवढ्यात तीन मिनिटं उरल्याची पाटी आली. या पाटीनंतर गाडीला हत्यार लावलं, तर सगळे सुटल्यावर एकटीनं मागून सुटायचं, असा कायदा होता. सर्वांत पुढची जागा गेलीच म्हणायची. बाकीची माणसं भराभर बाजूला व्हायला लागली.

मामा उठला नाही. त्यानं हात वर केला.

"काय झालं?" साहेब धावत आले.

"डावं चाक. पुन्हा आवळायचं."

"वेड लागलंय का? रेघ दिसतेय की!"

"रेघ मीच मारलीय साहेब, म्हणूनच सांगतोय. ताई, पाना आण."

ताईनं एकदा मामाच्या तोंडाकडे पाहिलं, वाद घातला नाही. पाना लावला, ओढला. नट जराही हलला नाही. टक्.

"घट्ट आहे, मामा," ती हळूच म्हणाली. तेही त्याला तिच्या ओठांवरूनच कळलं.

गाडी सर्वांच्या मागून सुटली आणि नववी आली.

भाचा गॅरेजमध्ये आला तो हातमोजे आपटतच. "घट्ट होता नट, मामा! घट्ट होता!"

"होता," मामा म्हणाला. "पण मला माहीत नव्हतं."

मग त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कान गेलेत, बोटं बधिर झालीत, टक् कळत नाही.

"कधीपासून?" भाच्यानं विचारलं.

मामाला ऐकू गेलं नाही. भाचा जवळ आला आणि मोठ्यानं म्हणाला, "कधीपासून?"

"दोन वर्षं."

भाचा टायरांच्या ढिगावर बसला. "दोन वर्षं," तो म्हणाला, "मी तुझी रेघ बघून गाडीत बसतोय, मामा."

इतकी लाज मामाला जन्मात वाटली नव्हती.

दुपारी चारही चाकं ताईनं आवळली. शेवटच्या चाकाशी ती थांबली आणि पिवळ्या रंगाची कांडी तिनं मामापुढे धरली. "ही एक तरी तुम्ही मारा."

मामानं दोन्ही हात मागे घेतले. "टक् कुणी ऐकलं?"

"मी."

"मग रेघही तूच मार."

तिनं मारली. जराशी वाकडी आली. भाच्यानं गाडीभोवती फिरून चारही रेघा नीट पाहिल्या, मग मामाच्या खांद्यावर हात ठेवला. हातात अजून राग होता, हे मामाला कळलं. पण हात काढला नव्हता. भाचा त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "आईला फोन कर. तूच सांग."

गाडी गेल्यावर मामा गॅरेजच्या मागे गेला आणि त्यानं बहिणीला फोन लावला. "चाकं ताईनं आवळलीत," तो म्हणाला. "यापुढे तीच आवळणार. माझ्याच्यानं होत नाही गं आता."

पलीकडून बहीण काहीतरी बोलली. बरंच बोलली. मामाच्या ओठांवर सवयीचं "हो हो" आलं होतं. ते त्यानं गिळलं, फोन कानावर घट्ट दाबला.

"मला ऐकू येत नाही गं," तो म्हणाला. "पुन्हा सांग. मोठ्यानं सांग."