कावडीच्या गर्दीत खुशालराव

अकोट रोडवरच्या त्या गावात खुशालरावांइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. पाटीवर ठळक ‘अकोला’ लिहिलेलं असलं तरी ते एसटीत पाय ठेवण्याआधी कंडक्टरला विचारत, “अकोल्यालेच जाते ना?” फोनवर कोणी गोड बोललं की ते फोनच ठेवून देत. तशी काळ्या रानातली शेती, घर, बायको पार्वताबाई आणि दहावीतली प्रणाली, सगळं नीट होतं. पण नीट चाललेल्या गोष्टीचाच त्यांना जास्त संशय येई.

म्हणून श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मला अकोल्याला जायचंय असं प्रणाली म्हणाली, तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

“सोमवारी शाळेले सुट्टी हाय. मंग काहून?”

“शाळेचं सेवा मंडळ हाय ना बाबा. कावड येते तर गर्दी सांभाळा लागते. दोर धरायचा, पाणी द्यायचं, हरवलेल्या पोराईले रावटीत पोचवायचं.”

“त्याचं तुमाले काय भेटते?”

“काई नाही.”

“काई नाही?” खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. “फुकटात कोण राबते व? कोणता पुढारी हाय याच्या मागं?”

“कोणी नाही. वर्षाली मॅडम हायत.”

“जाऊ द्या न तिले,” पार्वताबाई म्हणाल्या. “साऱ्या वर्गाच्या पोरी जाऊन राहिल्या.”

त्यांनी जा म्हटलं खरं, पण मन काही निवलं नाही. आदल्या दिवशी प्रणाली अंगणात फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं होतं, “नितेश, तू दोराच्या त्या टोकाले राह्य, मी पाण्याजवळ थांबते.” हा नितेश कोण? आणि बिल्ला लावून मदत करणाऱ्यांचा तर त्यांना लहानपणापासून धसका होता. बहिरमच्या यात्रेत त्यांची धाकटी बहीण हरवली, तेव्हा छातीवर बिल्ला लावलेला एक माणूस तिला ‘माइकवर नाव पुकारतो’ म्हणून घेऊन गेला आणि भलत्याच दिशेला निघाला. एका बांगडीवाल्या बाईने हटकलं म्हणून पोर परत मिळाली. त्या माणसाचा चेहरा खुशालराव आजवर विसरले नव्हते.

सोमवारी प्रणाली पहिल्या गाडीने गेली. खुशालराव शेताकडे जातो म्हणून निघाले आणि दुसऱ्या गाडीत बसले. अकोल्यात उतरताच त्यांनी दुपट्टा तोंडाला गुंडाळला, फक्त डोळे उघडे ठेवले.

पूर्णेचं पाणी घेऊन आलेल्या कावडी शहरात शिरल्या होत्या. ढोल आणि ‘हर्र बोला महादेव’ यांत कानाला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. चौकात पिवळ्या टोप्या घातलेली पोरंपोरी दोर धरून उभी होती. प्रणाली पाण्याच्या टाकीजवळ होती. एक उंच पोरगा तिच्याजवळ आला, कानाशी काही बोलला आणि दोघं बाजूच्या गल्लीत शिरली.

खुशालरावांचं डोकं तापलं. ते भिंतीच्या कडेकडेने मागे गेले. गल्लीच्या टोकाला एक मंगल कार्यालय होतं. दोघं आत गेली आणि पाण्याच्या कॅन उचलून बाहेर आली. बस, एवढंच. पण खुशालरावांचं समाधान झालं नाही. दिवसाढवळ्या पाणी आणायला सोबत कशाला लागते?

पुढच्या खेपेलाही तेच. प्रणाली निघाली की तो पोरगा सोबत, आणि त्यांच्या मागे हे. तिसऱ्या खेपेला प्रणालीने मागे वळून पाहिलं. खुशालराव चटकन एका खांबाआड झाले. पोरगा कोणाला तरी हाताने खुणावत होता. यांची काहीतरी मिलीभगत आहे, आता पकडतोच, असं मनाशी म्हणून ते पुढे सरकणार, तोच चार-पाच पिवळ्या टोप्या त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या.

“काका, थांबा,” त्यांतली एक धीट पोरगी म्हणाली. हर्षा तिचं नाव. “मघापासून तुमी आमच्या मैत्रिणीच्या मागंमागं फिरून राहिले. काहून?”

“मी? मी दर्शनाले आलो.”

“मंग तोंड काहून बांधलं?”

मी तिचा बाप आहे, एवढं म्हटलं की सुटका होती. पण मग शाळाभर बोभाटा होणार, प्रणालीचा बाप तोंड बांधून पोरीच्या मागे फिरतो. त्यांनी दुपट्टा आणखी घट्ट केला. पोरांनी त्यांना पोलिसांच्या रावटीत नेलं. महिला शिपायाने नाव विचारलं, तर अनोळख्याला खरं नाव न सांगायच्या सवयीने खोटंच बाहेर पडलं, “देवानंद.”

वर्षाली मॅडम प्रणालीला घेऊन आल्या. “हाच का तो माणूस?”

प्रणालीने दुपट्ट्यावरचे डोळे पाहिले. तिचा चेहरा उतरला. खुशालरावांनी मान खाली घातली. नाही म्हण पोरी, ओळखत नाही म्हण, असं त्यांना वाटत होतं.

“बाबा, तोंड सोडा,” ती म्हणाली.

“पण यांनी नाव देवानंद सांगितलं,” महिला शिपाई म्हणाली. तिने प्रणालीला बाजूला घेतलं. “बेटा, भिऊ नको. याने तुले धमकावलं काय?”

शेवटी घरी फोन लावावा लागला. फोनचा स्पीकर चालू होता, पार्वताबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “माणूस माहाच हाय बाई. शेतात जातो म्हून गेले होते. द्या इकडं पाठवून.”

पोरं हसली. प्रणाली हसली नाही. रावटीच्या बाहेर येऊन ती म्हणाली, “तोंड बांधलेला माणूस मागं हाय म्हून मी किती भेली, मालूम हाय? नितेशले मीच म्हटलं, मले एकटी सोडू नको. मॅडमनं तर सकाळीच बजावलं होतं, गल्लीत एकटं कोणी जायचं नाही.”

ज्या माणसापासून पोरीला वाचवायला खुशालराव आले होते, तो माणूस ते स्वतःच निघाले होते. ते टाकीजवळ बसून राहिले. मिरवणूक पांगली, पोरांनी रस्त्यावरचे पेले गोळा केले, तेव्हा तेही उठून वाकले आणि पेले उचलू लागले. प्रणालीने पाहिलं, पण हाक मारली नाही. परतीच्या गाडीत ती दुसऱ्या बाकावर बसली. घरातही बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

गणपती विसर्जनाला सेवा मंडळाला पुन्हा बोलावणं आलं. प्रणालीने आईला सांगितलं, त्यांना नाही. खुशालराव दारातून म्हणाले, “जा. संगं कोण कोण हाय, तेवढं सांग.”

“हर्षा हाय. नितेश हाय.”

“नितेश कोण्या गावचा?”

प्रणालीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “तुमीच इचारा त्याले. तोंड उघडं ठेवून.”

त्या दिवशी ते खरोखर शेतात गेले. तुरीत तणाचं निंदण चाललं होतं, पण त्यांचं लक्ष लागेना. पुन्हापुन्हा घरी फोन करून ते पार्वताबाईंना विचारत राहिले, “पोचल्याचा फोन आला काय? तिचाच आवाज होता ना?”