गोलकीपरची भाची

माणूस एकाच विनोदाला दर शनिवारी हसू शकतो, यावर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. आणि नवरा ते करतो म्हटल्यावर तर मुळीच नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी नागपुरात आले. घरात आम्ही तिघंच: मी, नवरा आणि मामंजी. सासूबाई आधीच गेलेल्या. एक नणंद होती, पण तिचं नाव घरात काढायचं नाही, हे मला आल्या आल्याच बजावलं होतं. तिने आपल्या मनाने एका बौद्ध मास्तराशी लग्न केलं, तेव्हापासून मामंजींच्या लेखी ती नव्हतीच. तिचा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवलेला होता.

नवऱ्याला नाद एकच, पिक्चरचा. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. तिथून सायकल थेट सीताबर्डीच्या थेटराकडे. संध्याकाळी जेवताना त्या पिक्चरची स्टोरी सांगायची, हा आमच्या घरचा रिवाजच होऊन बसला होता. मामंजींनी जन्मात थेटराची पायरी चढली नव्हती, पण पानावर बसले की मान वर न करता विचारायचे, "काय झालं मंग आज पिक्चरमदी?" मला मात्र कधी सोबत नेलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अवं, लय गर्दी रायते तिथं. तुले नाही जमणार." मी गर्दीला घाबरते, हे यांना कोणी सांगितलं?

त्या काळी खेळांवरच्या विनोदी पिक्चरांचा एक नट फार जोरात होता. त्याचा कुस्तीचा पिक्चर मी माहेरी असताना पाहिला होता. डोक्यावर मार बसला की तो डोळे तिरळे करायचा, गोल गोल गिरक्या घ्यायचा आणि शेवटी पंचाच्या कडेवर जाऊन बसायचा. हसून हसून माझं पोट दुखलं होतं. मग क्रिकेटचा पिक्चर आला, त्यातही तेच. हॉकीच्या पिक्चरमध्येही तेच, फक्त तोवर गड्याचं पोट सुटलं होतं आणि त्याला उचलणाऱ्या पंचाची दया यायची. आता फुटबॉलचा आला होता. त्यात तो गोलकीपर.

आणि हाच पिक्चर माझा नवरा शनिवारमागून शनिवार पाहत होता! बरं, दर वेळी स्टोरीत नवीनच काहीतरी. गोलकीपरला एक बहीण आहे. तिची लहानगी पोर बॉल तांदळाच्या डब्यात लपवते. पोरीला दात आले आणि ती रेफ्रीच्या बोटाला चावली. मी म्हणायचे, "हे गेल्या खेपेला नाही सांगितलंत." तर म्हणायचे, "तवा मले डुलकी लागली होती." सांगायचे मात्र असं झकास, की मामंजींच्या मिशाही हलायच्या. मीही हसायचे, आणि हसता हसता त्यांचं तोंड निरखायचे. एका शनिवारी ते नीट जेवलेच नाहीत. म्हणाले, पोरीला ताप भरला, गोलकीपर मॅच सोडून घरी पळाला. मामंजींनी भाताचा घास हातातच धरला होता.

त्यानंतरच्या बुधवारी शेजारणीने मला दुपारच्या खेळाला ओढून नेलं. बायकांच्या बाजूला बसून मी डोळ्यांत तेल घालून अख्खा पिक्चर पाहिला. नट तिरळा झाला, फिरला, कडेवर बसला. मध्यंतरापर्यंत दोनदा, नंतर पुन्हा. पुढच्या रांगेतली बाई तर तोवर खुशाल विणकाम करत होती. पिक्चरमध्ये बहीण नव्हती. पोर नव्हती. तांदळाचा डबा नव्हता. पडदा पडला. हा माणूस शनिवारी जातो तरी कुठे?

संध्याकाळी मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "गोलकीपरची भाची दाखवा मला," म्हटलं. आधी त्यांनी थापा मारल्या, मग खाली बसले.

"हुडकेश्वरले जातो. ताईकडं," ते हळूच म्हणाले. "ते पोर तिचीच हाय. बाबाले सांगू नको."

खरं सांगते, तेव्हाही मला पटलं नाही. बहिणीच्या नावाखाली काय वाटेल ते खपवता येतं. आणि खरं असलं, तर माझ्यापासून का लपवलं? संताप संताप झाला. मी म्हटलं, "या शनिवारी गेलात, तर मीच मामंजींना सांगेन." मामंजींच्या रागाने घराचे दोन तुकडे झाले असते, हे कळत असून म्हटलं.

शनिवारी ते कचेरीतून सरळ घरी आले. जेवायला बसलो. मामंजी वाट पाहत राहिले. वरण झालं, भात झाला.

"काहून गा, आज पिक्चर नाही पाह्यला?"

"नाही बाबा. कंटाळा आला त्याचा. तेच तेच करते तो."

"त्याले करू दे," मामंजी म्हणाले. ताट बाजूला सारून त्यांनी हात धुतला. बराच वेळ पंच्याला हात पुसत बसले, मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, देवापाशी डब्बीत जायफळ हाय. याले बांधून दे."

नवऱ्याने दचकून वर पाहिलं. मीही.

"उद्या रविवार हाय. जाय सकाळीच," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, डोळे मात्र ताटावरून हलत नव्हते. "उगाळून चाटवा म्हणा तिले. अन् ताप उतरला का नाही, ते येऊन मले सांगजो. पिक्चरचीच स्टोरी सांगतो तशी सांग."

मी उठले. जायफळ कागदात बांधताना गाठ काही केल्या बसेना.