समागमाची सही

माझी मावशी शब्दकोशाच्या कचेरीत पस्तीस वर्षं होती. काम काय, तर लोक बोलतात ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, खाली बोलणाऱ्याची सही घ्यायची आणि चिठ्ठी खणात टाकायची. सहीशिवायची चिठ्ठी म्हणजे अफवा, असं तिचं म्हणणं. लग्नघर असो की दवाखाना, कुणी ठसक्यात काही बोललं की ही पेन पुढे करायची. निम्मे नातेवाईक तिच्यासमोर तोंड उघडेनासे झाले होते.

निवृत्तीला महिना उरला असताना 'समागम' शब्दावरून ठिणगी पडली. कोशात पहिला अर्थ होता भेटीगाठी, सहवास; दुसरा, शरीरसंबंध. नवे प्रमुख म्हणाले, "पहिल्या अर्थाला आता काळं कुत्रं विचारत नाही. दुसरा वर घ्या, पहिल्यावर 'जुना' शिक्का मारा." मावशी पेटली. पहिल्या अर्थाची चिठ्ठी ही तिच्या नोकरीतली पहिली चिठ्ठी होती. नियमाप्रमाणे एक ताजी सही आणली तर अर्थ वाचणार होता. मुदत शुक्रवारपर्यंत.

मग ती घरोघर फिरली. म्हातारी माणसं तो शब्द बोलायची, पण सही? छे! निवृत्त मुख्याध्यापक रंगात येऊन म्हणाले, "तुमच्या यजमानांचा आणि माझा वीस वर्षांचा समागम!" मावशीने पेन पुढे केलं, तोच आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "खबरदार! घरात सुना-नातवंडं आहेत." गुरुजींनी पेनला टोपण लावलं. शिंपीकाका म्हणाले, "करतो सही ताई, पण 'माझ्या एका मित्राचं वाक्य' असं लिहा." असल्या भित्र्या लोकांची भाषा मरेल नाही तर काय होईल!

गुरुवारी मावशी घरी आली ती चपला भिरकावतच. मी चहाला गेले होते. तिच्या सासूबाई पंच्याऐंशीच्या. सुनेला चढवलं की डोक्यावर बसते, या मतामुळे तीस वर्षांत त्यांनी तिच्या कौतुकाचं एक अक्षर काढलं नव्हतं. सगळी हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय? दुसरा अर्थही ठाऊक आहे मला, चार पोरं काय अशीच झाली? लिही. सुनेचा समागम मला तीस वर्षं घडला. माझं भलं झालं त्यात." आणि सही ठोकली.

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला लागली. रडत होती, दुसरं काय.

शुक्रवारी प्रमुखांनी चिठ्ठी पाहिली. "आडनाव तुमचंच दिसतंय." घरच्यांची सही चालत नाही, हा नियम. तोही मावशीनेच केलेला, कारण एका सहकाऱ्याने आपल्या मेव्हण्याच्या वाक्यांनी अख्खा खण भरला होता. प्रमुख बिचारे म्हणाले, "राहू द्या, घेऊ चालवून." मी तिच्या जागी असते तर घेऊ दिलं असतं. मावशी म्हणाली, "नियम म्हणजे नियम," आणि 'जुना' शिक्का स्वतःच्या हाताने मारला. चिठ्ठी तेवढी पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी सासूबाई दारातच बसल्या होत्या. "लागलं का गं माझं वाक्य?"

"लागलं की. पहिल्या नंबरावर," मावशी म्हणाली. सहीशिवाय कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारी माझी मावशी डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "आणि तो मेला तुझा साहेब म्हणतो, असं कुणी बोलतच नाही!"