टाकीचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – चळवळीतल्या दोस्तांना तर नाहीच. आम्ही दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडणारी माणसं. आमचं कोण पाडणार?

बहरीनला, मनाम्यात, इंग्रजी शाळेतल्या सात मुलांना मी मराठी पुस्तकं वाचायला शिकवायचे. इंटरनेट नुकतंच आलेलं, म्हणून चर्चा ईमेलवर – मराठी, पण रोमन अक्षरांत. माझा नियम एकच: छापलंय म्हणून मानायचं नाही. लिहितंय कोण? कुणाच्या सोयीचं?

मग मी त्यांना एक पुस्तिका दिली. बांधकामावरच्या एका मजुराची आत्मकथा. तो मजूर – आता लिहायलाच हवं – नव्हताच. ती मी लिहिली होती. खरे मजूर व्हिसाच्या भीतीने माझ्याशी बोलेनात, आणि मला पोरांना पेटलेलं बघायचं होतं.

पंधरा वर्षांच्या नसीमाने, मूळच्या रत्नागिरीकडच्या मुलीने, सगळ्यांना लिहिलं: "हा माणूस ऑगस्टमध्ये भर दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली डोकं धरतो आणि त्याला गार वाटतं? त्या पाण्याने हात भाजतो, मॅडम. हा बहरीनमध्ये राहिलेलाच नाही. लेखक खोटा आहे."

मी आले होते नोव्हेंबरात. इथला एकही उन्हाळा पाहिला नव्हता.

ती नेमकं मी शिकवलेलंच करत होती – कळत नव्हतं मला? कळत होतं. म्हणूनच तर घाबरले. मी लगेच गटाला लिहिलं: नसीमाचे वडील कंत्राटदाराच्या ऑफिसात क्लार्क आहेत. मग ही शंका कुणाच्या सोयीची?

पोरं तुटून पडली. "काय गं नसीमा, पप्पांनी डिक्टेट केलं का?" मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर – बरं वाटलं. तिचा ईमेल पुन्हा आला नाही.

ऑगस्टअखेर तिचे वडील बाजारात भेटले. हातातली पिशवी खाली ठेवून अदबीने म्हणाले, "मॅडम, पोरीचं काय चुकलं? मराठी वाचायचंच सोडलान तिनं."

दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, "तिला अजून नीट वाचता येत नाही."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले.

तोवर माझ्याच गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली माझा हात दोनदा भाजला होता.